‘द सन’ न घेणारं शहर

आपली टीम हरली आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तिचे वाभाडे निघाले, की चाहत्यांचा पारा चढतो. गोवा असो की इंग्लंड, यात फरक नाही. ‘याला फुटबॉल कळतं तरी का?’ असं म्हणून आपण मोकळे होतो आणि पुढच्या मॅचपर्यंत विसरूनही जातो. पण लिव्हरपूल शहराचा एका पेपरवरचा राग ३५ वर्षं उलटली तरी गेलेला नाही. तो का टिकला, हे आपल्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखं आहे.

१५ एप्रिल १९८९. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपचा उपांत्य सामना होता, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांच्या दारांशी गर्दी तुंबली, तेव्हा पोलिसांनी एक मोठं फाटक उघडायला लावलं. लोंढा बोगद्यातून सरळ मधल्या, आधीच भरलेल्या कप्प्यांत शिरला. पुढे लोखंडी कुंपण, मागून रेटा. सहाव्या मिनिटाला सामना थांबवला गेला. या दुर्घटनेत एकूण ९७ जणांचा जीव गेला. त्यातले शेवटचे गृहस्थ त्या दिवशीच्या दुखापतींमुळे २०२१ मध्ये वारले. सर्वांत लहान मुलगा १० वर्षांचा होता, पुढे लिव्हरपूलचा कप्तान झालेल्या स्टीव्हन जेरार्डच्या नात्यातला.

चारच दिवसांनी, १९ एप्रिलला, ‘द सन’ने पहिल्या पानावर भलंमोठं शीर्षक छापलं : ‘द ट्रुथ’, म्हणजे ‘सत्य’. खाली काय, तर चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली, तोंडाने श्वास देणाऱ्या पोलिसाला मारलं. घरात अजून अंत्यसंस्कार व्हायचे होते, आणि गेलेल्या पोराच्या सोबत्यांना चोर ठरवलं गेलं.

आता गंमत बघा. गंमत कसली, दुःखच. हे आरोप इतरही पेपरांत आले होते. शेफील्डच्या एका वृत्तसंस्थेने पोलिसांकडून ऐकून ते पुरवले होते. पण बाकीच्यांनी बहुतेक ‘पोलिसांचा आरोप’ असं म्हटलं. आपल्या मराठीत यासाठी किती छोटा शब्द आहे : ‘म्हणे’. ‘त्यांनी खिसे कापले’ आणि ‘त्यांनी खिसे कापले म्हणे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक. ‘द सन’ने तो ‘म्हणे’ गाळला आणि त्याजागी ‘सत्य’ बसवलं.

शहराने उत्तर दिलं ते पेपर विकत न घेऊन. सुरुवातीला काही ठिकाणी अंक जाळले गेले. मग अनेक दुकानदारांनी तो ठेवणंच बंद केलं. विशेष म्हणजे, एरवी एकमेकांशी हाडवैर असलेले लिव्हरपूल आणि एव्हर्टनचे चाहते यात एकत्र आले. हा राग टीमवरच्या टीकेचा नव्हताच. ‘तुम्ही वाईट खेळलात’ हे पचवता येतं. ‘तुम्ही माणसंच वाईट’ हे खोटं असेल तर पचवायचं कसं?

खरं बाहेर यायला फार वेळ लागला. मुख्य कारण पोलिसांच्या नियंत्रणातलं अपयश, असं १९८९ च्याच चौकशी अहवालात आलं होतं, तरी डाग पुसला गेला नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र पॅनलने दाखवलं की पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते. त्यानंतर ‘द सन’ने पहिल्या पानावर माफी मागितली. २०१६ मध्ये ज्यूरीने निर्णय दिला : हे मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाले, चाहत्यांचा दोष नाही. २०१७ मध्ये लिव्हरपूल क्लबने त्या पेपरच्या बातमीदारांना आपल्या मैदानात बंदी घातली.

मित्रांनो, आपण सगळेच आता रोज काही ना काही ‘छापतो’, निदान पुढे तरी ढकलतो. एखाद्या टीमबद्दल, गावाबद्दल, समाजाबद्दल ऐकीव गोष्ट पाठवताना तो ‘म्हणे’ शाबूत आहे का, एवढं बघायला अर्धं मिनिट पुरतं. लिव्हरपूलच्या आईबापांना तो गाळल्याची भरपाई मिळवायला २३ वर्षं झगडावं लागलं. त्यातले कित्येक माफी वाचायला उरलेच नाहीत.