तेरा वर्षं एका भिंतीसमोर: अजिंठ्यात विद्यार्थ्यांनी काय कमावलं?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. ऐकायला अंदाजे बारा मिनिटं.)

कॉलेज सुरू झालं की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास येतो: "आपल्या डिपार्टमेंटचा स्टुडंट चॅप्टर सुरू होतोय, लवकर मेंबर व्हा." मग आपण विचारतो, सर्टिफिकेट मिळणार का? मिळणार असेल तर फॉर्म भरतो.

आधी चॅप्टर म्हणजे काय ते सांगतो. अभ्यासकांच्या किंवा व्यावसायिकांच्या एखाद्या मोठ्या संस्थेची कॉलेजमधली शाखा म्हणजे स्टुडंट चॅप्टर. इंजिनिअरिंगवाल्यांना आयईईई, एसीएम ही नावं पाठ असतात. एक प्राध्यापक मार्गदर्शक, विद्यार्थ्यांमधून अध्यक्ष, सचिव, खजिनदार. वर्षभर व्याख्यानं, कार्यशाळा, एखादी स्टडी टूर. आणि वर्षाअखेरीस रिपोर्ट: अमुक तारखेला कार्यक्रम झाला, पाहुण्यांचं स्वागत झालं, आभारप्रदर्शन झालं, ग्रुप फोटो.

यात वाईट काही नाही. पण मला एक प्रश्न नेहमी पडतो. हा रिपोर्ट दहा वर्षांनी कुणी उघडला, तर त्याला त्यातून काय मिळेल? विद्यार्थ्यांच्या गटाची कमाई नक्की कशी मोजायची?

याचं उत्तर मला आपल्याच जिल्ह्यात सापडतं. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण शंभर किलोमीटरवर, अजिंठ्यात. तिथे कॉलेजच्या पोरांनी जे काम केलं, त्याला तेव्हा कुणी चॅप्टर म्हटलं नसतं. पण काम होतं ते नेमकं तसंच: एक शिक्षक, काही विद्यार्थी, एक विषय आणि वर्षानुवर्षं चाललेला प्रोजेक्ट.

आधी थोडी पार्श्वभूमी

वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर, एका कड्यात तीस लेणी कोरली आहेत. जुनी लेणी इसवी सनापूर्वीची, बाकीची बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. १९८३ पासून हा जागतिक वारसा आहे.

२८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला ही लेणी दिसली. त्याने काय केलं? लेणं क्रमांक १० मध्ये खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. ते नाव आजही आहे, पण आपल्या डोळ्यांच्या बरंच वर. कारण तेव्हा लेण्यात माती आणि दगडांचा ढीग साचला होता आणि साहेब त्या ढिगावर उभा होता. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

पुढे १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिलने इथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला घेतल्या. गिल आणि पारोची गोष्ट तुम्हाला 'अजिंठा' सिनेमामुळे माहीत असेल. पारोची कबर अजिंठा गावात आहे. गिलने जवळपास वीस वर्षं काम केलं. त्याची चित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. १८६६ च्या डिसेंबरमध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. वीस वर्षांचं काम एका रात्रीत गेलं.

जे. जे.ची पोरं येतात

मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं. सर जमशेटजी जीजीभाईंनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. तिथे जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक होते, पुढे ते प्राचार्यही झाले. गिलची चित्रं जळाल्यावर सरकारने त्यांच्यावर नव्या नकलांचं काम सोपवलं. १८७२ मध्ये ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला आले.

काम संपलं १८८५ मध्ये. हिवाळा आला की विद्यार्थ्यांनी अजिंठ्याला यायचं आणि लेण्यातल्या अंधारात उभं राहून कॅनव्हासवर तैलरंगात नक्कल करायची. काही कॅनव्हास इतके मोठे की लांबी सहा मीटर आणि उंची साडेतीन मीटर. तुमच्या वर्गाची पुढची भिंत डोळ्यासमोर आणा. अशी लहानमोठी मिळून सुमारे ३०० चित्रं झाली.

आता विचार करा, तेरा वर्षांत विद्यार्थी बदलणारच. जुने शिकून बाहेर पडले, नवे आले, तरी प्रोजेक्ट चालू राहिला. आपल्याकडे अध्यक्ष बदलला की चॅप्टरचा पासवर्डसुद्धा हरवतो!

या कामाची पहिली कमाई म्हणजे नोंद. ग्रिफिथ्स यांच्या गटाने चित्रं जशी दिसली तशी उतरवली. गिलावा पडला असेल तर तिथे भोक दाखवलं. मनाने हात किंवा चेहरा पूर्ण केला नाही. हे फार महत्त्वाचं आहे. अजिंठ्याची चित्रं कोरड्या गिलाव्यावर काढलेली आहेत. खाली माती, दगडाची भुकटी आणि वनस्पतींचे तंतू यांचा थर, वर चुन्याचा पातळ थर, त्यावर रंग. दमट हवेने, किड्यांनी, वटवाघळांनी, माणसांच्या हातांनी हा थर सुटत जातो. त्यामुळे १८७० च्या दशकात अमुक भिंतीवर काय शिल्लक होतं, हे बघायचं असेल तर या नकला पुरावा ठरतात. जातककथांमधला कुठला प्रसंग कुठल्या भिंतीवर आहे हे ओळखताना अभ्यासक जुन्या नकला शेजारी ठेवतात, ते याचसाठी.

दुसरी कमाई म्हणजे माणसं तयार झाली. या गटातले पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत चित्रकार झाले. त्यांचं 'फीडिंग द पॅरट' हे १८८२ चं चित्र आजही नावाजलं जातं. त्याच काळात मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं सीएसएमटी, उभं राहत होतं. तिथल्या कोरीव नक्षीकामातही जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे. लोकल पकडायच्या घाईत कधी मान वर करून बघा.

जिथे गाडी घसरली

आता दुसरी बाजू. फक्त कौतुक केलं तर आपणही तोच छापील रिपोर्ट वाचतोय असं होईल.

पहिली गोष्ट, व्हार्निश. चित्रं अंधुक होती, नीट दिसावीत म्हणून या गटाने मूळ भिंतीवरच व्हार्निश लावलं. तेव्हा रंग उजळ दिसले असतील. पण कालांतराने ते व्हार्निश पिवळं, काळपट पडलं आणि मूळ चित्रांचं नुकसान झालं. पुढे इतरांनी केलेल्या डागडुजीने आणि साफसफाईनेही त्यात भर पडली. म्हणजे चित्रं वाचवायला गेलेल्या हातांनीच त्यांना इजा केली. नोंद करताना मूळ वस्तूला हात लावायचा नाही, हा नियम आज सगळे सांगतात. त्याची किंमत अजिंठ्याच्या भिंतींनी मोजलीय.

दुसरी गोष्ट, बॅकअप. सगळी मेहनत लंडनला पाठवली. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला, जिथे ही चित्रं ठेवली होती, तिथे आग लागली आणि शंभराहून जास्त चित्रं गेली. १८६६ ची आग माहीत असूनही पुन्हा सगळं एकाच शहरात! गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या कामातली मिळून १६६ चित्रं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. २००६ मध्ये त्यातल्या जवळपास निम्म्या चित्रांच्या जतनाचं काम हाती घेतलं गेलं. बरं झालं की ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठ्या खंडांचं पुस्तक काढलं. छापील पुस्तक अनेक ठिकाणी असतं, एका आगीत संपत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. त्या पुस्तकावर लेखक म्हणून नाव एकच आहे, ग्रिफिथ्स यांचं. ज्यांनी हिवाळ्यामागून हिवाळे त्या अंधारात घालवले, त्यांतल्या पेस्तनजींचं नाव चित्रकार म्हणून मोठे झाल्यामुळे आपल्यापर्यंत आलं. बाकीच्यांना आपण 'ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी' एवढ्यावरच आटोपतो.

दुसरा गट, १९०९

पंचवीसेक वर्षांनी अजून एक गट आला. या वेळी पुढाकार एका बाईंचा होता, लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. टेम्पेरा या जुन्या चित्रतंत्राच्या त्या जाणकार होत्या. १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे त्यांनी अजिंठ्यात काम केलं. सोबत कलकत्त्याहून अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य आले: नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि मूळचे म्हैसूरचे के. वेंकटप्पा. हैदराबादहून सय्यद अहमद आणि फझलुद्दीन आले, कारण अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इंग्लंडहून डोरोथी लार्चर होत्या.

त्यांची पद्धत वेगळी होती. जिथे चित्र उडालं होतं, तिथे ते पूर्वी कसं असेल याचा अंदाज करून भरलं. बघायला सुंदर. पण आज काय शिल्लक होतं ही नोंद हवी असेल, तर ग्रिफिथ्स यांचा गट जास्त उपयोगी पडतो. नोंद आणि पुनर्रचना ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही करा, पण कुठलं काय ते लिहून ठेवा.

या गटाची खरी कमाई मात्र अजिंठ्याच्या बाहेर दिसते. सय्यद अहमद अजिंठा लेण्यांचे क्युरेटर झाले. हलदारांनी बंगालीत अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे ते लखनौच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य झाले. समरेंद्रनाथ लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. नंदलाल बोस शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले. आणि भारताच्या संविधानाची जी हस्तलिखित प्रत आहे ना, तिची पानं सजवली ती नंदलालबाबूंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी. विशीतल्या पोरांनी दोन हिवाळे भिंतीसमोर बसून जे शिकलं, ते असं शहराशहरांतल्या वर्गांमध्ये पोचलं.

मग आपला चॅप्टर काय करू शकतो?

अजिंठ्याची सहल बहुतेक कॉलेजांची निघतेच. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर उतरायचं, शटल बस घ्यायची, दोन तासांत लेणं १, २, १६, १७ आणि २६ उरकायचं, सेल्फी, परत. त्याच सहलीचा अभ्यास कसा होईल, ते माझ्या मते असं:

एक. सगळी लेणी सोडा, एकच भिंत निवडा. समजा लेणं १६ मधली, जिला 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणतात ती. नवरा नंद भिक्षू झाल्याचं कळल्यावर कोसळलेली ही सुंदरी. ग्रिफिथ्स यांनी या चित्राची फार स्तुती केली होती. दरवर्षी तीच भिंत, त्याच महिन्यात.

दोन. ग्रिफिथ्स यांचं पुस्तक स्कॅन होऊन इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहे, लंडनच्या संग्रहालयातली चित्रंही त्यांच्या साइटवर दिसतात. मोबाइलवर ते चित्र उघडा आणि समोरच्या भिंतीशी ताडून बघा. काय होतं, काय गेलं, याची यादी करा. हाच तुमचा रिपोर्ट.

तीन. फ्लॅश बंद. भिंतीला हात नाही, टेकायचंही नाही. ट्रायपॉड किंवा मोठं काम असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्या. आणि सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.

चार. नोंदी मराठीत लिहा. गावातल्या शाळेतल्या मुलाला वाचता आल्या पाहिजेत. एक प्रत डिपार्टमेंटमध्ये, एक ग्रंथालयात, एक ऑनलाइन. दोन आगी आठवा.

पाच. नावं लिहा. सरांचं तर लिहाच, पण कुणी मोजमाप घेतलं, कुणी फोटो काढले, कुणी टाइप केलं, सगळ्यांची. पूर्ण नावं, वर्षासकट.

हे पाचवं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. लेणं १० मध्ये जाल तेव्हा मान वर करून जॉन स्मिथचं नाव बघा. एका दिवसासाठी आलेल्या शिकाऱ्याचं नाव दोनशे वर्षं टिकलं, कारण त्याने ते चित्रावर कोरलं. तेरा वर्षं राबलेल्या विद्यार्थ्यांनी भिंतीवर नाव कोरलं नाही, आणि ते बरोबरच केलं. पण त्यांचं नाव लिहायला दुसरी जागा होती, कागद होता, आणि तिथे ती नीट लिहिली गेली नाहीत. तुमच्या चॅप्टरकडे तो कागद आहे. त्याचा उपयोग करा.

तुमच्या कॉलेजच्या गटाने असं टिकणारं काही काम केलं असेल, तर आम्हाला नक्की कळवा. काम काय आणि कुणी केलं, दोन्ही सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि अजिंठ्याला गेलात तर फ्लॅश बंद ठेवा!