विश्लेषण : फ्रेंच रेड वाइनची चव गावावर का ठरते? सांगली-नाशिकच्या बागांशी त्याचा संबंध काय?

कोल्हापूरहून मिरज ओलांडून तासगाव किंवा कवठेमहांकाळकडे निघाले, की द्राक्षबागा दिसू लागतात. पण तिथली बहुतांश द्राक्षे खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी जातात. वाइन म्हटले की नाव निघते नाशिकचे आणि उंची रेड वाइन म्हटले की फ्रान्सचे. असे का?

खाण्याच्या द्राक्षांपासून रेड वाइन का होत नाही?

थॉम्पसन सीडलेस, तास-ए-गणेश या वाणांना मण्याच्या आकारावर भाव मिळतो. म्हणून शेतकरी ‘जीए’ देऊन मणी फुगवतो. रेड वाइनचे गणित याच्या उलट आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढुरकाच असतो. लाल रंग आणि जिभेला तुरटपणा देणारे टॅनिन प्रामुख्याने सालीतून येते. मणी लहान असेल तर रसाच्या तुलनेत साल जास्त मिळते. कॅबर्ने सोव्हिन्यों, सिरा (आपल्याकडचे शिराझ) हे फ्रेंच वाण बारीक मण्यांचे आणि बियांचे असतात ते त्यामुळे फायद्याचेच ठरते. हा रस सालींसह आंबवला जातो. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेतून 1 टक्का अल्कोहोल तयार होते. म्हणजे 13 टक्क्यांच्या वाइनसाठी लिटरभर रसात सुमारे 220 ग्रॅम साखर हवी. 750 मिलीच्या एका बाटलीला एक ते सव्वा किलो द्राक्षे लागतात.

फ्रान्समध्ये गावाला इतके महत्त्व का?

उंची फ्रेंच बाटलीवर बहुधा द्राक्षाचे नव्हे, गावाचे नाव असते. बोर्दोमध्ये डाव्या तीरावरच्या खडीच्या जमिनीत कॅबर्ने चांगली पिकते. उजव्या तीरावर, सेंत-एमिलियों आणि पोमरोलकडे, मर्लोचा वरचष्मा आहे. बर्गंडीत रेड वाइन मुख्यतः एकाच पिनो न्वार वाणाची, तरी शेजारच्या दोन तुकड्यांची नावे आणि किमती वेगळ्या. या तुकड्यांना 2015 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले. बोर्दोतील रेड वाइनची 1855 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी पाच श्रेणींत प्रतवारी झाली, ती आजही जवळपास तशीच आहे. 1973 मध्ये शातो मूतों रोथशिल्डला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली, हा त्यातला गाजलेला अपवाद. कोणत्या गावाच्या नावाने कोणते वाण लावायचे, किती उत्पादन घ्यायचे, याचे नियमही 1935 पासून कायद्याने बांधलेले आहेत.

या वेलींची मुळे अमेरिकी कशी?

1860च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सच्या बागा मुळापासून पोखरल्या. अखेर अमेरिकी खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम हाच उपाय ठरला. आपला द्राक्ष बागायतदारही ‘डॉगरिज’ या अमेरिकी खुंटावरच कलम करतो. कारण मात्र वेगळे : पाण्याचा ताण आणि खारवट जमीन.

आपले वेळापत्रक वेगळे का?

फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून एकच पीक घेतात. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. म्हणजे फ्रान्समधील वेली उघड्याबोडक्या असतात, तेव्हा नाशिकमध्ये हंगाम भरात असतो.

बागा कुठे पाहता येतील?

कोल्हापूरकरांना तुलनेने जवळ आहे अकलूज परिसर. तिथे माळशिरस तालुक्यात इटलीचे सेकी, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील या भावांच्या जोड्यांनी ‘फ्रातेली’ उभी केली. नाशिकमध्ये राजीव सामंत यांची ‘सुला’ आहे, तर दिंडोरीत फ्रेंच समूहाची ‘शांदों’ स्पार्कलिंग वाइन बनवते. बोर्दोला जाणार असाल तर बहुतेक शातोंमध्ये आधी वेळ ठरवावी लागते.

चव घेताना काय लक्षात ठेवावे?

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा सल्ला थंड युरोपातला आहे. अपेक्षित तापमान 16 ते 18 अंश असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली बरी. टॅनिन आणि अल्कोहोलमुळे तिखट अधिक झोंबते, त्यामुळे कॅबर्नेची जोडी तांबड्या रश्श्यापेक्षा भाजलेल्या मटणाशी जमते. राज्यात वाइनसाठी किमान वय 21 आहे. ‘हृदयाला चांगली’ म्हणून पिऊ नये. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे.

शेतकऱ्याचे काय?

खरी मेख इथे आहे. खाण्याची द्राक्षे एका व्यापाऱ्याने नाकारली तर दुसरा घेतो, निदान बेदाणा तरी होतो. बारीक, बियांच्या वाइन द्राक्षांना वायनरीशिवाय गिऱ्हाईक नाही. 2008-09च्या मंदीनंतर मागणी घटली, तेव्हा नाशिक भागात अनेकांनी वाइनच्या वेली उपटून टाकल्या. राज्याने 2001 मध्ये वाइन उद्योगासाठी धोरण आणले. विंचूरप्रमाणेच सांगली जिल्ह्यातील पलूसलाही वाइन पार्क झाले, पण पर्यटकांची वाट नाशिककडेच वळली. फ्रान्समध्ये गावाच्या नावाला किंमत आहे आणि त्या नावामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा ग्राहक उभा आहे. आपल्याकडे तो विश्वास अजून बांधायचा आहे. बागेत येऊन, वेल पाहून, चव घेऊन परतणारा पाहुणा ही त्याची सुरुवात असू शकते. तो पलूसलाही येऊ लागला, तर बारीक मणी पिकवण्याची जोखीम एकट्या शेतकऱ्याच्या खांद्यावर राहणार नाही.