एका पानासाठी झालेली गर्दी

विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, तेव्हा त्याचे सारे काम एकच संगणक करीत असे. वाचक वाढले तसे संगणकही वाढवावे लागले, हे ओघानेच आले. परंतु दहापट वाचकांना दहापट संगणक, असे हे सरळ त्रैराशिक नाही.

विकिपीडियातील लेख आपल्याला दिसतो तसा साठवलेला नसतो. साठवलेली असते ती खुणांनी भरलेली संहिता. तक्ते, तळटिपा, संदर्भ यांची जुळणी करून तिचे पान तयार करावे लागते. लेख मोठा असेल तर यात संगणकाचे काही सेकंद खर्ची पडतात. म्हणून एकदा तयार झालेले पान राखून ठेवतात आणि पुढच्या वाचकांना त्याचीच प्रत देतात. या साठ्याला 'कॅश' म्हणतात. बहुतेक वाचकांची मागणी येथेच भागते. लेखात कोणी बदल केला, की मात्र जुनी प्रत रद्द होते.

२५ जून २००९ रोजी गायक मायकेल जॅक्सन यांचे निधन झाले आणि जगभरचे लोक एकच लेख उघडू लागले. खरे तर एकाच पानाच्या प्रती वाटणे हे कॅशचे सर्वांत सोपे काम. पण त्याच वेळी लेखात सारखे बदलही होत होते! प्रत्येक बदलागणिक प्रत रद्द होई. नवी तयार होईपर्यंत जितक्या मागण्या येत, तितक्या वेळा तेच पान नव्याने जुळवायला घेतले जाई. संगणक त्यातच गुंतले आणि भलतेच लेख मागणारे वाचकही ताटकळले.

समजा, शाळेच्या फलकावरील वेळापत्रक बदलायचे म्हणून काढले आणि तेवढ्यात शंभर मुले कार्यालयात आली. कारकुनांनी प्रत्येकासाठी तेच वेळापत्रक वेगवेगळे लिहायला घेतले, तर? आणखी कारकून नेमणे हा येथे उपाय नव्हे. एकाने लिहावे, बाकीच्यांनी थांबावे, रांग फारच वाढली तर जुनेच वेळापत्रक दाखवावे. 'पूलकाउंटर' हा प्रोग्राम नंतर नेमके याच कामासाठी आणला गेला. किंचित शिळे पान न मिळालेल्या पानापेक्षा बरे, हा त्यातील व्यवहार मला फार पटतो.

अंतराचा प्रश्न मात्र प्रोग्रामने सुटत नाही. काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. मुंबईपासून अमेरिकेतील व्हर्जिनिया सुमारे १३,००० किलोमीटर; म्हणजे सरळ रेषेत धरले तरी जाऊन-येऊन ०.१३ सेकंद. एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटरवर आहे. तेथील फेरीला किती वेळ लागेल, हे गणित विद्यार्थ्यांना जरूर घालावे. २०१८ पासून तेथे विकिपीडियाचे कॅश-केंद्र आहे.

मुख्य केंद्रे दोन आहेत : एक व्हर्जिनियात, दुसरे टेक्सासमध्ये. एक बंद पडले तर दुसऱ्याने भार उचलायचा. पण ऐन वेळी ते उचलेल याची खात्री कशी करायची? त्यासाठी सारा कारभार मुद्दाम एकीकडून दुसरीकडे हलवतात. हा प्रयोग २०१६ मध्ये सुरू झाला. आता तो वर्षातून दोनदा, मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास होतो. त्यावेळी काही मिनिटे मराठीसह सर्व भाषांतील लेख वाचता येतात, पण त्यांत कोणालाही बदल करता येत नाही.