शिट्टी कोण ऐकतो?

कोलाडची कुंडलिका नदी तुम्ही पाहिली आहे का? सकाळी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटले, की नदी खळाळू लागते आणि पर्यटक रबरी होड्यांतून निघतात. अशा होडीवर भोंगा नसतो. संकटात मदत मागण्यासाठी असते एक शिट्टी. उर्दूत आपण तिला सीटी म्हणतो.

वर्गात एका मुलीने विचारले, "सर, नुसते ओरडले तर?" ओरडून भागत नाही. पाण्याच्या आवाजात माणसाची हाक बुडून जाते. शिट्टीचा तीक्ष्ण सूर मात्र दूर पोहोचतो. पण जत्रेतली शिट्टी येथे कामाची नाही. तिच्या आतली गोळी भिजली, की अडकते. म्हणून गोळी नसलेली शिट्टी घ्यावी लागते. तीन लांब शिट्ट्या म्हणजे संकट. त्या ऐकायला मागेपुढे दुसरी होडी हवी. म्हणून होडी एकटी सोडू नये.

समुद्रावर ऐकणारा जवळ असतोच असे नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून आपल्या जिल्ह्यातील रेवसकडे निघालेली 'रामदास' ही प्रवासी बोट बुडाली. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हते. काही माणसे पोहून किनाऱ्याला लागली, तेव्हा कुठे मुंबईला बातमी कळली. ६०० हून अधिक माणसे दगावली.

आता लहान शिडाच्या होडीवरही संकटसूचक यंत्र ठेवता येते. त्याची हाक उपग्रह ऐकतो आणि बचाव केंद्राला कळवतो. सप्टेंबर २०१८ मध्ये अभिलाष टॉमी हे भारतीय नौदलाचे अधिकारी गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' होडीतून एकटेच हिंदी महासागरात होते. वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. पण हाक पोहोचली. तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले.

मात्र यंत्र असले म्हणजे झाले, असे नाही. जुनी यंत्रे १२१.५ मेगाहर्ट्‌झवर हाक देत. ती हाक कोणाची, हे कळत नसे. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी ती ऐकणेच बंद केले. असे यंत्र आज सुरू केले, तर त्याचा दिवा लागेल, पण उपग्रहाला काही कळणार नाही. आता ४०६ मेगाहर्ट्‌झचे यंत्र लागते. ते आपला क्रमांकही सांगते. क्रमांक नोंदवलेला असेल, तर बचाव केंद्र आधी मालकाच्या घरी फोन करते. होडी खरोखर समुद्रात आहे, की कोणी चुकून कळ दाबली? बहुतेक हाका चुकूनच गेलेल्या निघतात. आणि होडी विकूनही नोंद बदलली नसेल, तर तो फोन जुन्या मालकाकडे जातो.