गिरगांवच्या चाळी : इमारत आणि शेजार

इमारत जुनी होते तसा तिच्यांतील शेजारहि जुना होतो. परंतु एकीस कालानें जीर्णता येते, तर दुसऱ्यास बहुधा बळकटीच येते. मुंबईंतील गिरगांवच्या चाळी पाहिल्या म्हणजे हा भेद आमच्या विशेष ध्यानांत येतो.

नोकरीसाठीं कोंकण व देश सोडून आलेल्या कुटुंबांनीं या चाळी भरल्या. एकदोन खोल्यांचें बिऱ्हाड, पुढें लांब गॅलरी, टोंकास सामाईक नळ व शौचकूप. खोली अपुरी पडे, तेव्हां गॅलरी हीच सर्वांची ओसरी होई. केशवजी नाईकांच्या चाळींतील सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालापासूनचा आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच. १८९६ च्या प्लेगनें दाट वस्तीचे दोष उघडे केले; १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व पुढें दादर-माटुंग्यास हवेशीर वसाहती उठल्या. कित्येक मध्यमवर्गीय कुटुंबें तिकडे गेलीं. पुष्कळ गिरगांवांतच राहिलीं.

अशा भाडेकऱ्यांस १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें मोठा आधार दिला. १ सप्टेंबर १९४० रोजींचें भाडें हेंच सामान्यतः प्रमाण ठरलें. भाडें वाढेना, तेव्हां बिऱ्हाडहि हलेना. नातवंडें आजोबांच्याच खोलींत वाढलीं. परंतु तेवढ्या भाड्यांत दुरुस्ती भागेना. मालकांचें लक्ष उडालें, तुळया कुजल्या, जिने खचले. ज्या कायद्यानें शेजार राखला, त्याच कायद्यानें इमारत झिजविली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. १९६९ च्या कायद्यानें दुरुस्ती मंडळ आलें, उपकर बसला. तरी टेकूंवर उभ्या इमारती कांहीं नव्या होत नाहींत.

आतां पुनर्बांधणीचे दिवस आहेत. उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींतील निवासी भाडेकऱ्यास नियमाप्रमाणें किमान ३०० चौरस फुटांचें मालकीचें घर मिळावयाचें. घरांतल्या घरांत नळ व शौचकूप असणें हें सुख किती मोठें, तें ज्या गृहिणींनीं पावसाळ्याच्या रात्रीं गॅलरीचें टोंक गांठलें आहे, त्यांसच विचारावें. गतकालाच्या प्रेमानें हें सुख तुच्छ लेखणें आम्हांस मान्य नाहीं.

मात्र मनोऱ्यांत दार लागलें कीं शेजार संपतो. चाळींत वृद्ध आजींचें दार सकाळीं उघडलें नाहीं, तर पांच मिनिटांत चारजणी चौकशीस येत. ही सोय करारांत कोणी लिहीत नाहीं. शिवाय नव्या घराचा मासिक देखभालखर्च पेलवेना म्हणजे तें विकून लांबच्या उपनगरांत जाण्याचीहि पाळी येते.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांनीं व स्त्रियांनीं नकाशा एकत्र पहावा. चौरस फूट मोजावेतच. पण मुलांना खेळावयास अंगण कोठें, वृद्धांना बसावयास जागा कोठें आणि देखभालीचा निधि किती, हेंहि विचारून लेखीं घ्यावें. भिंती बिल्डर बांधून देईल. शेजार ज्याचा त्यानेंच बांधावयाचा आहे.