महागड्या मोटारीचा उसना दिवा



लग्नाची पैठणी विणकरास मुद्दाम सांगून, महिनोन्‌महिने वाट पाहून घेतात; परंतु तिच्यावरील पोलक्याला शिंपी जे हूक लावतो, ते मात्र बाजारांतील पुडींतले असतात. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं. जगांतील अत्यंत महाग मोटारींतही हाच प्रकार आढळतो. आज त्याचीच थोडी फोड करावयाची आहे.

इंग्लंडांतील मॅक्लारेन कंपनीची 'एफ १' ही मोटार १९९२ सालीं लोकांपुढें आली. गॉर्डन मरी हे तिचे रचनाकार. किंमत पांच लाख पौंडांहून अधिक. इंजिनाची धग बाहेर लागूं नये म्हणून त्याच्या कप्प्याला आंतून खऱ्या सोन्याचा वर्ख लाविला होता. १९९८ सालीं तिनें ताशीं ३८६ किलोमीटर वेग गांठला. आणि अशा या मोटारीचे मागचे दिवे कोठले? बोव्हा या डच कंपनीच्या प्रवासी बसचे! लांबोर्गिनी या इटालियन कंपनीनेंही १९९९ सालीं आपल्या 'दियाब्लो' मोटारीस निसान या जपानी कंपनीच्या गाडीचे पुढचे दिवे बसविले.

ज्यांना सोन्याचा वर्ख परवडतो, त्यांना दिवा कां परवडूं नये? याचें उत्तर कंजूषपणांत नसून त्रैराशिकांत आहे. दिवा करावयाचा तर प्रथम त्याचा सांचा घडवावा लागतो. मग त्याचा उजेड किती, रंग नियमाप्रमाणें आहे कीं नाहीं, तो कोणकोणत्या बाजूंनीं दिसतो, याच्या परीक्षा होऊन सरकारी मान्यता मिळवावी लागते. हा खर्च शंभर दिव्यांना व लाख दिव्यांना जवळजवळ सारखाच. समजा, तो दहा लाख रुपये आहे. लाख दिव्यांवर वांटला तर प्रत्येकीं दहा रुपये. शंभरांवर वांटला तर दहा हजार! 'एफ १' मोटारी सगळ्या मिळून झाल्या अवघ्या १०६. शिवाय बसचा दिवा पाऊसपाणी सोसून कसास उतरलेला असतो, हा फायदा निराळाच.

मग तडजोड कोठें खपते व कोठें खपत नाहीं? याचा धडा जॅग्वार कंपनीच्या 'एक्सजे २२०' या मोटारीनें दिला. १९८८ सालीं बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनांत तिचा नमुना मांडला, तेव्हां त्यांत बारा सिलिंडरांचें इंजिन होतें व चारही चाकांना जोर मिळत असे. १९९२ सालीं प्रत्यक्ष गाडी हातीं आली, ती सहा सिलिंडरांची, मागच्या दोनच चाकांना जोर देणारी. तिचेही मागचे दिवे रोव्हरच्या साध्या मोटारीचे होते व आरसे सीट्रोएनच्या. वास्तविक वेगांत ती कोठेंही उणी नव्हती; ताशीं ३४० किलोमीटरांच्या पुढें ती गेली. तरीही कांहीं ग्राहकांचे तंटे न्यायालयापर्यंत गेले. त्यांच्या रोषाचा विषय दिवा नव्हता, आरसाही नव्हता. दाखविलेलें इंजिन मिळालें नाहीं, हें शल्य होतें.

तात्पर्य, काटकसर करणें हा दोष नव्हे. ती कोठें करावी हें न कळणें हा दोष होय. पोलक्याचे हूक बाजारचे निघाले म्हणून कोणी रुसत नाहीं. पदराची जर खोटी निघाली, तर मात्र पैठणी परत जाते.