न लागलेली जोड

8 जुलै 2006. लास व्हेगासमध्ये यूएफसी या अमेरिकन एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) कंपनीच्या अष्टकोनी पिंजऱ्यात त्या रात्री एक पाहुणा उभा होता, वांदरलेई सिल्वा. जपानच्या 'प्राइड'चा विजेता, म्हणजे यूएफसीच्या लेखी समोरच्या दुकानातला माल. त्याच्यापुढं यूएफसीचा विजेता चक लिडेल. प्राइड त्या गटाला मिडलवेट म्हणे, यूएफसी लाइट हेवीवेट. वजन एकच, 93 किलो. लिडेलनं ऑगस्टमधली लढत जिंकली की या दोघांची गाठ पडणार, असं यूएफसीचा अध्यक्ष डेना व्हाइट यानं जाहीर करून टाकलं.

लिडेलनं ऑगस्टमधली लढत जिंकली. गाठ मात्र पडली नाही. सप्टेंबरात मिर्को क्रो कॉपनं डोक्यावर लाथ घालून सिल्वाला आडवा केला, हे एक कारण. पण आपला हुकमी एक्का परक्या पिंजऱ्यात पाठवायची घाई प्राइडला मुळात होती, असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्याला मागचा इतिहास होता. 2003 मध्ये यूएफसीनं लिडेलला प्राइडच्या स्पर्धेसाठी जपानला धाडलं होतं. पहिल्या लढतीत त्यानं ऑल्स्टर ओव्हरीमला लोळवलं. नोव्हेंबरात टोकियो डोममध्ये क्विंटन जॅक्सननं त्याला असा बदडला की कोपऱ्यातून टॉवेल फेकावा लागला. त्याच रात्री अंतिम फेरीत जॅक्सनला सिल्वानं फोडला. ज्या सिल्वासाठी लिडेलला एवढ्या लांब नेलं, त्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही. उसना दिलेला बैल लंगडत परत यावा तशी यूएफसीची गत झाली, आणि त्यातून दोन्ही धनी एकच धडा शिकले: आपला बैल आपल्याच दावणीला बरा.

ही लढत शेवटी झाली 29 डिसेंबर 2007 ला, आणि तीही दोन कंपन्यांचं जमलं म्हणून नव्हे, तर एक कंपनी संपली म्हणून. जून 2006 मध्ये फुजी टीव्हीनं प्राइडशी करार तोडला. प्राइडचे याकुझा टोळ्यांशी लागेबांधे असल्याचे आरोप एका जपानी साप्ताहिकानं लावून धरले होते. टीव्हीचा पैसा आटल्यावर जपानमध्ये असा तमाशा उभाच राहू शकत नव्हता. मार्च 2007 मध्ये यूएफसीच्या मालकांनी प्राइड विकत घेतलं. दोन्ही संस्था चालवू, एकमेकांचे विजेते भिडवू, असं सांगितलं गेलं. ऑक्टोबरात टोकियोचं ऑफिस बंद.

लिडेल-सिल्वा लढत झकास झाली, लिडेल गुणांवर जिंकला. पण तोवर दोघंही लागोपाठ दोन-दोन लढती हरून आले होते आणि दोघांचे पट्टे गेले होते. 2006 मध्ये तिथं जगातला पहिला नंबर ठरला असता. दीड वर्षानं ठरलं ते एवढंच, की दोघांत कमी कोण थकलाय.

तरी ही जोड लागली तरी. फेडोर एमेलियानेन्कोची लागलीच नाही.

रशियातल्या स्तारी ओस्कोल गावचा हा गडी. पोट थोडं सुटलेलं, चेहरा पोस्टातल्या कारकुनासारखा निर्विकार. मार्च 2003 मध्ये नोगेराला हरवून तो प्राइडचा हेवीवेट विजेता झाला, आणि 2010 च्या जूनपर्यंत त्याला कुणी हरवू शकलं नाही. प्राइड बुडाल्यावर तो यूएफसीत येणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तिकडं रँडी कूतूर, वय 44, यूएफसीचा हेवीवेट विजेता. ऑक्टोबर 2007 मध्ये त्यानं यूएफसीला रामराम ठोकला. फेडोरशीच लढायचंय आणि ती लढत इथं होत नाही, हे त्यानं उघड सांगितलं. त्याच महिन्यात फेडोरनं एम-1 ग्लोबल या कंपनीशी हातमिळवणी केली. म्हणजे दोघं एकमेकांसाठी दार उघडून बाहेर पडले, आणि वेगवेगळ्या रस्त्यांना लागले.

कारण कूतूर मोकळा नव्हताच. विजेता असेपर्यंत करार पुढं सरकत राहतो, असं कलम यूएफसीच्या करारांत असे. प्रकरण कोर्टात गेलं, वर्ष गेलं, आणि 2008 च्या सप्टेंबरात तो मुकाट परतला. नोव्हेंबरात ब्रॉक लेस्नरनं त्याचा पट्टा हिसकावला. इकडं फेडोरनं कपड्यांच्या 'अफ्लिक्शन' या ब्रँडनं भरवलेल्या मैदानात यूएफसीचा माजी विजेता टिम सिल्व्हिया 36 सेकंदांत गुंडाळला, नंतर दुसरा माजी विजेता आर्लोव्स्की पहिल्याच फेरीत. प्रतिस्पर्ध्याची जुनी भांडी आणून फोडल्यासारखा प्रकार. 2009 च्या जुलैत अफ्लिक्शनचा तिसरा कार्यक्रम रद्द झाला आणि ब्रँड यूएफसीचा प्रायोजक होऊन बसला. आता तरी फेडोर-लेस्नर?

बोलणी झाली. एम-1 चं म्हणणं, कार्यक्रम भागीदारीत होईल, पोस्टरवर आमचंही नाव. यूएफसीचं म्हणणं, पैसे घ्या, नाव आमचंच. फेडोरनं स्ट्राइकफोर्स या तिसऱ्याच कंपनीशी करार केला. त्या वेळी मी फेडोरच्या बाजूनं तावातावानं बोलायचो, आणि व्हाइटला शिव्या घालायचो. आता वाटतं, एम-1 वाले काही साधुसंत नव्हते. एका माणसाच्या जोरावर त्यांना अख्खी कंपनी उभी करायची होती, आणि तो हरला की कंपनी बसणार हे त्यांनाही कळत होतं. आणि तो हरलाच. जून 2010 मध्ये सॅन होजेला फाब्रिसिओ वेर्दुमनं त्याला 69 सेकंदांत पायांच्या पकडीत आवळलं. हा वेर्दुम 2008 मध्ये यूएफसीनंच नारळ देऊन घालवलेला. पुढच्या मार्चमध्ये यूएफसीच्या मालकांनी स्ट्राइकफोर्सही विकत घेतली. तोवर फेडोरसाठी भांडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आपल्याकडं जत्रेच्या मैदानात कुस्ती ठरते ती पाहा. पहिलवान तालमीचा, इनाम यात्रा कमिटीचं, गदा आणखी कुणाची. जोड तोडीची दिसली की हलगी वाजते. भानगडी तिथंही होतात, नाही असं नाही. पण मैदानाचा मालक पहिलवानाचा मालक नसतो. बॉक्सिंगमध्येही पट्टे देणाऱ्या संस्था वेगळ्या, लढत भरवणारे वेगळे, आणि 2000 सालचा मुहंमद अलींच्या नावाचा अमेरिकन कायदा लढत भरवणाऱ्याला मॅनेजर होऊ देत नाही. त्या कायद्यात एमएमए येत नाही. इथं पिंजरा कंपनीचा, पट्टा कंपनीचा, क्रमवारी कंपनीची आणि करारापुरता माणूसही कंपनीचाच. मग परक्याशी लढत लावून मिळणार काय? जिंकलात तर एका रात्रीची कमाई, हरलात तर वर्षानुवर्षं चकाकवलेला पट्टा पितळेचा निघतो. 31 डिसेंबर 2022 ला अमेरिकेच्या बेलाटर आणि जपानच्या रिझिन या कंपन्यांनी सायतामामध्ये पाच लढती लावून दाखवल्या. पाचही बेलाटरनं जिंकल्या. घरच्या मैदानावर रिझिनचं जे झालं, त्याचीच तर सगळ्यांना धास्ती असते.

 

कराराची ही बेडी कोर्टात गेली डिसेंबर 2014 मध्ये. कुंग ली आणि इतर लढवय्यांनी यूएफसीवर मक्तेदारीचा दावा लावला. दहा वर्षांनी, 2025 च्या फेब्रुवारीत, 37.5 कोटी डॉलरच्या तडजोडीला न्यायालयानं मान्यता दिली. पैसे मिळाले, पण हरवलेल्या लढतींची भरपाई कुठल्या खात्यात मांडणार?

दरम्यान नवं प्रकरण उभं राहिलं होतं. हेवीवेट विजेता फ्रान्सिस इंगानूनं करार संपेपर्यंत दम धरला आणि 14 जानेवारी 2023 ला यूएफसी त्याच्याविनाच पुढं निघाली. सगळ्यांना हवी होती ती जॉन जोन्सशी त्याची लढत. जोन्सनं मार्चमध्ये रिकामा पट्टा दुसऱ्याकडून जिंकला. इंगानू पीएफएल या दुसऱ्या कंपनीत गेला, आणि ऑक्टोबरात रियाधला बॉक्सिंगचा विजेता टायसन फ्युरीशी लढला. तिसऱ्या फेरीत त्याला खाली पाडलंसुद्धा. दुसऱ्या खेळाच्या राजाशी गाठ पडू शकते, स्वतःच्या खेळातल्या राजाशी नाही! जून 2025 मध्ये व्हाइटनं जोन्सची निवृत्ती जाहीर केली.

इंगानू बाहेर पडल्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, 4 फेब्रुवारीला, कॅलिफोर्नियातल्या इंगलवूडमध्ये फेडोर शेवटचा लढला, बेलाटरच्या पिंजऱ्यात. रायन बेडरनं पहिल्याच फेरीत त्याला संपवलं. फेडोरनं हातमोजे काढून जमिनीवर ठेवले. मग त्याला निरोप द्यायला जुनी मंडळी एकेक करून आत आली. कोलमन होता, हेंडरसन होता, लिडेल होता. आणि रँडी कूतूर. तो 59 चा, फेडोर 46 चा. दोघं अखेर एका पिंजऱ्यात उभे राहिले, आणि त्या रात्री कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही.